आधी आजीला विचारा: बेने इस्राएल मुलांचा पुस्तकं, गाणी आणि सणांचा मेळा कसा भरवायचा

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या मुलांच्या पहिल्या मेळ्यात आठ वर्षांची एक मुलगी हनुक्काबद्दल, आमच्या दिव्यांच्या सणाबद्दल, बोलायला उभी राहिली. हातात इंटरनेटवरून उतरवून घेतलेला कागद होता. बाहेर बर्फ पडतं, घरात बटाट्याचे लाटके तळतात, मुलांना चॉकलेटची नाणी मिळतात, असं तिनं न अडखळता वाचून दाखवलं. मी विचारलं, "आणि तुमच्या घरी?" ती जरा गोंधळली. "आमच्या घरी काही विशेष नसतं, मावशी." मागच्या बाकावर तिची आजी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "विशेष नसतं? मग दर गुरुवारी रात्री मी काळ्या मनुका भिजत घालते त्या कशाला गं?"

त्या मनुकांचं सरबत. शब्बाथ हा आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, तो शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. तेव्हा वाईनच्या पेल्यावर किद्दुशची प्रार्थना म्हणतात. त्यासाठी कोशेर, म्हणजे धर्मनियमात बसणारी, वाईन मिळत नसे, म्हणून आमच्या घरांमध्ये मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायची रीत पडली. ती मुलगी जन्मापासून दर शुक्रवारी ते पीत होती. सांगण्यासारखं काही आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या मेळ्याला एकच नियम आहे: घरात जे आहे ते आधी, जगात जे आहे ते नंतर. पुढे लिहिलेलं सगळं त्या नियमाभोवतीच आहे. आठ-दहा मुलं असोत की वीस, मशिदीच्या हॉलमध्ये असो की कुणाच्या बैठकीच्या खोलीत, हा मेळा तुम्हाला भरवता येईल. (आम्ही सिनेगॉगला पूर्वापार मशीद म्हणतो. शेजारच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही.)

ज्यांना आमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परंपरा सांगते की आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेले. ज्या गावात राहिले त्या गावाची आडनावं लागली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आज एकाच आजीची नातवंडं ठाण्यात, पुण्यात आणि दिमोना, अशदोद, लोद, बेरशेबा इथे विखुरलेली आहेत. इथली मुलं मराठी-इंग्रजी बोलतात, तिथली हिब्रू. दोघांमध्ये उरतं ते आजीचं मराठी, काही चाली आणि काही पदार्थ. मेळ्याचा पाया तेवढाच आहे आणि तेवढा पुरतो.

दिवस आणि वेळ

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ. त्या वेळात लिहिणं, वाद्य वाजवणं, फोनवर रेकॉर्ड करणं पाळणाऱ्या घरांना चालत नाही. एखाद्या घरी चालत असलं तरी मेळा शब्बाथला ठेवू नका. ज्या मुलाला हात बांधून बसावं लागेल, त्याच्यासाठी तो मेळा उरत नाही.

इथल्या मुलांना रविवार सोयीचा. इस्रायलमध्ये रविवारी शाळा असते, पण आपली संध्याकाळ त्यांची दुपार असते. तिथे उन्हाळी वेळ असताना आपण अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन तास पुढे. आपल्याकडे सहाला सुरुवात केली तर तिथे साडेतीन किंवा अडीच वाजलेले असतात. लहान मुलं शाळेतून येऊन जेवलेली असतात. घड्याळ तिथे मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, त्या आठवड्यांत वेळ दोनदा तपासा. आम्ही एकदा तपासली नाही, आणि पलीकडची पाच मुलं तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती.

सणाच्या दोन आठवडे आधीचा रविवार सगळ्यात चांगला. मुलांनी ऐकलेली गोष्ट लगेच घरी करून बघता येते. तिशा बेआव म्हणजे आव महिन्याची नवमी, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस. त्याच्या आधीच्या आठवड्यांत गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम ठेवू नका, ज्येष्ठांना ते खुपतं आणि त्यांचं बरोबर आहे.

मशिदीत मेळा असेल तर येणाऱ्यांची यादी आधी द्यावी लागते, मोठ्यांना ओळखपत्र दाखवावं लागतं. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ही पद्धत पक्की झाली. मुलांना ती घाबरवून सांगू नका, "पाहुण्यांची वही असते" एवढं पुरे. दाराशी टोप्यांची टोपली ठेवा, बाहेरचे मित्र आले तर त्यांनाही डोकं झाकायला हवं.

तीन आठवडे आधी: घरातला शोध

हा टप्पा घाईनं उरकला तर पुढचं सगळं पोकळ होतं. माझा निम्मा वेळ यातच जातो.

प्रत्येक मुलाला एक छोटी वही द्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे पाठवा. आजी-आजोबा नसतील तर आत्या, मामा, शेजारच्या इमारतीतली कुणी ओळखीची बाई. "तुमच्या परंपरा सांगा" असं विचारलं की मोठी माणसं भाषण देतात किंवा "आम्हाला काय ठाऊक" म्हणून गप्प होतात. म्हणून प्रश्न लहान आणि हाताला लागणारे हवेत. मी देते ते हे:

- लहानपणी या सणाला सकाळी उठल्यावर पहिला वास कशाचा यायचा?
- या सणाला तुम्ही घरात काय म्हणायचात? (हिब्रू नाव नको, घरातलं.)
- तुमच्या आईला कुठलं गाणं येत होतं? पहिली ओळ म्हणून दाखवा.
- घरात जुनं पुस्तक कुठे ठेवलंय? त्यावर कुणाचं नाव आहे?
- कोकणातल्या कुठल्या गावचे आपण? तिथे शेवटचं कोण गेलं होतं?

दुसऱ्या प्रश्नातून जे बाहेर येतं, त्यासाठीच मी हा मेळा करते. आमच्या सणांना मराठी नावं होती. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफाळणीचा सण: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, उपास, कुणाकडे जायचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दानधर्म आणि भेटीगाठी. पुरीम, म्हणजे एस्तेर राणीचा सण, त्याला होळीचा सण. पेसाह, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेचा सण, त्याला अनाशी ढाकण्याचा सण, कारण आंबट रसाचं मडकं आठ दिवस झाकून ठेवत. तिशा बेआवला बिरड्याचा सण, मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावरून.

ही नावं किती मुलांना माहीत असतात? आमच्या गेल्या मेळ्यात सतरांपैकी दोघांना. पण वह्या परत आल्या तेव्हा अकरा वह्यांत कुठलं ना कुठलं नाव होतं. म्हणजे नावं घरात होती, कुणी विचारलं नव्हतं.

मुलांना सांगा की आजी जे शब्द वापरेल ते तसेच लिहायचे. संदेष्ट्याला 'हनाबी' म्हणाली तर 'हनाबी', पुस्तकी हिब्रूतलं 'हनावी' करायचं नाही. एका मुलाच्या वडिलांनी वहीतलं सगळं शुद्ध मराठीत आणि पुस्तकी हिब्रूत "नीट" करून पाठवलं होतं. मी त्यांना फोन करून पहिला कागद मागवून घेतला. त्या कागदावरचं मराठी रेवदंड्याचं होतं, आणि ते घरात बोलणारी एकच व्यक्ती उरली होती.

दोन अडचणी हमखास येतात. एक, घरात वडीलधारं कुणीच नाही. त्या मुलाची दुसऱ्या मुलाच्या आजीशी जोडी लावा, तिच्याकडे दोघं मिळून जातील. दोन, आई किंवा वडील ज्यू नाहीत. मग दुसऱ्या बाजूच्या आजीलाही तेच प्रश्न विचारायचे, आणि मेळ्यात दोन्ही उत्तरं वाचायची. पुरीमची पुरणपोळी आणि होळीची पुरणपोळी एकाच मुलाच्या वहीत समोरासमोर आलेली मी पाहिली आहे.

पुस्तकं

प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं, तीन मिनिटं बोलायचं, एक पान दाखवायचं. पूर्ण गोष्ट सांगायला बंदी. त्याऐवजी दोन गोष्टी सांगायच्या: हे पुस्तक तुझ्याकडे आलं कसं, आणि यातलं कुठलं पान तू परत परत उघडतोस.

येणारी पुस्तकं साधारण चार प्रकारची असतात. घरातलं जुनं प्रार्थनापुस्तक किंवा हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक. तनाखमधल्या (हिब्रू बायबलमधल्या) गोष्टींची मराठी किंवा इंग्रजी पुस्तकं. इस्रायलहून मामा-मावशीनं पाठवलेली हिब्रू चित्रपुस्तकं. आणि ज्यूपणाशी काडीचा संबंध नसलेलं, मुलाला मनापासून आवडणारं काहीतरी. हे शेवटचं अडवू नका. आमच्या मेळ्यात एक मुलगा दोनदा क्रिकेटवरचं पुस्तक घेऊन आला, तिसऱ्यांदा आजोबांची हग्गादा घेऊन आला. पहिल्यांदाच त्याला "हे चालणार नाही" म्हटलं असतं तर तो दुसऱ्यांदा आलाच नसता.

जुनी पुस्तकं येतील त्यासाठी वेगळं टेबल लावा, वर स्वच्छ सुती कापड अंथरा. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, पडलं तर उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, हे मुलांना घरून माहीत असतं, नसेल तर तिथे कळेल. बाकी गोष्टी सांगाव्या लागतात. हात धुऊन कोरडे करायचे, तेलकट चिवडा खाऊन आलेले हात तर नाहीच. पुस्तक १८० अंशांत सपाट उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून त्यावर टेकवायचं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. लॅमिनेशन तर नकोच नको. कोकण आणि मुंबईच्या हवेत खरा शत्रू ओल. पावसाळ्यात जुनं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून हवा खेळेल अशा कपाटात ठेवा, आणि कडक उन्हात "सुकवू" नका.

पहिलं कोरं पान आणि शेवटचं कोरं पान नक्की बघा. अनेक घरांत जन्म, लग्न, मृत्यू तिथेच लिहिलेले असतात, कधी मोडीत, कधी बाळबोध अक्षरात. खिडकीजवळ सावलीत फोनवरून फोटो काढा, फ्लॅश नको. हिब्रू पुस्तक उजवीकडून सुरू होतं, फोटोंना क्रमांक देताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळं उलटं लागतं. आणि एखादं पुस्तक वाचण्यापलीकडे गेलं असेल तर ते रद्दीत जात नाही. देवाचं नाव असलेला कागद बाजूला साठवून पुढे दफनभूमीत पुरतात. मुलांना हे फार खोल भिडतं. पुस्तकाला माणसासारखा निरोप.

एक चित्र मी दर वेळी मोठं छापून भिंतीवर लावते. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलेल्या हग्गादामधलं. त्यात बायका मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करताना दिसतात, आणि त्या नऊवारी नेसलेल्या आहेत, केसांचा अंबाडा घातलेला आहे. हे चित्र आज इंटरनेटवरही पाहायला मिळतं. मिसरमधून सुटकेच्या गोष्टीत आपल्या पणजीसारखी दिसणारी बाई बसली आहे, हे बघून मुलं जवळ जाऊन बघतात. मग विचारायचं: तुम्ही हे चित्र काढलं तर आज त्यात कोण बसलेलं असेल, काय घातलेलं असेल? कागद आणि रंग तयार ठेवा. अर्धा तास सहज जातो.

गाणी

गाण्याच्या वेळी मुलं लाजतात, विशेषतः दहाच्या पुढची. म्हणून एकेकट्याला गायला उभं करू नका. सुरुवात सगळ्यांना येणाऱ्या गोष्टीनं करा.

आम्ही 'अदोन ओलाम' या प्रार्थनागीतानं करतो. त्याचं वृत्त असं नियमित आहे की जगभर ते शेकडो चालींत गातात. प्रत्येक घरानं आपली चाल म्हणायची. मग मुलांना सांगायचं, आता शाळेत शिकलेल्या कुठल्याही मराठी गाण्याच्या चालीत बसवून बघा. पहिल्या ओळीला हसू फुटतं, तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे गंभीरपणे मात्रा मोजत असतात. गटात बगदादी ज्यू घरातलं एखादं मूल असेल तर 'लेखा दोदी' या शब्बाथच्या स्वागतगीताची त्यांची चाल नक्की ऐका. शब्द तेच, शुक्रवारची संध्याकाळ तीच, आणि सूर पार वेगळे.

सरावाच्या वेळी देवाचं नाव उच्चारायच्या जागी 'हाशेम' म्हणायचं, हे आधी ठरवून घ्या. फळ्यावर नाव लिहायचं नाही, कारण ते पुसावं लागतं, आणि देवाचं नाव पुसायचं नसतं.

लहानग्यांसाठी पेसाहच्या हग्गादाच्या शेवटचं 'हाद गाद्या'. अरामी भाषेतलं लांबत जाणारं गाणं: बोकडाच्या पिल्लाला मांजर खातं, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, काठीला आग जाळते, आगीला पाणी विझवतं, पाणी बैल पितो. सात मुलं, सात पात्रं, प्रत्येकाला एक आवाज आणि एक हातवारा. पुढचे खाटीक आणि मृत्यूचा दूत मोठ्या मुलांना द्या. सात वर्षांखालच्यांना शब्द पाठ करायला लावू नका, त्यांनी फक्त आपला आवाज वेळेवर काढायचा. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री 'मा निश्ताना'चे चार प्रश्न घरातल्या सर्वांत लहान मुलानं विचारायचे असतात, तो सरावही इथेच होतो.

आता कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या काही मंडळींनी शेजारची हिंदू कीर्तनं ऐकून आपली कीर्तनं रचायला सुरुवात केली. आब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू हनाबी यांची आख्यानं, मराठीत, ओवी-साकी-दिंडीत. शास्त्र तोरातलं आणि बाज आपल्या मातीतला. पुढे ही परंपरा बरीचशी बायकांनी सांभाळली, पेटी, तबला, बुलबुलतरंग घेऊन. आज पूर्ण कीर्तन उभं करणं मुलांच्या आवाक्यात नाही आणि तसा हट्ट धरू नये. पण ओवी रचणं आवाक्यात आहे.

कृती अशी. तीन-तीन मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक प्रसंग द्या: नवगावचा किनारा, योसेफाचा रंगीत झगा, एस्तेर राणी, शनवारी थांबलेला घाणा. सुरुवातीचे शब्द तुम्ही द्या, "पहिली माझी ओवी", "दुसरी माझी ओवी", जात्यावरच्या गाण्यात असतात तसे. बाकीचं त्यांनी भरायचं. यमक जुळलं नाही तर आजीला बोलवायचं. वीस मिनिटं पुरतात. गेल्या वर्षी नऊ ते अकरा वयाच्या गटानं रचलेली ओवी अशी:

पहिली माझी ओवी । नवगावच्या किनाऱ्याला ।
सात जोडपी तरली । लाटांच्या आसऱ्याला ।।

'बुडवणाऱ्या लाटांचा आसरा कसा?' असं एका मोठ्या माणसानं विचारलं. रचणारी मुलगी म्हणाली, "त्यांनीच तर किनाऱ्यावर आणून टाकलं ना." ओवी तशीच ठेवली.

सण

सण सांगताना मुलं यादी म्हणतात: आम्ही हे खातो, हे करतो, ते करत नाही. यादी ऐकून कुणाला काही आठवत नाही. म्हणून एका मेळ्याला एकच सण घ्या, आणि त्यातली एकच वस्तू मध्ये ठेवा.

हनुक्काला आमच्याकडे भोवरा असतो, हिब्रूत सेविवोन. त्याच्या चार बाजूंवर चार अक्षरं: नून, गीमेल, हे, आणि चौथं. हे चौथं इथल्या भोवऱ्यावर 'शीन', इस्रायलच्या भोवऱ्यावर 'पे'. कारण इथून म्हणायचं "तिथे मोठा चमत्कार झाला", आणि तिथून म्हणायचं "इथे झाला". दोन्ही भोवरे आणा, फरक मुलांना शोधू द्या, उत्तर सांगू नका. पडद्यावर चुलतभाऊ असेल तर त्याला त्याचा भोवरा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. तो क्षण दर वेळी रंगतो. मेणबत्त्यांचा हिशोबही मुलांनाच करायला द्या: पहिल्या रात्री एक, आठव्या रात्री आठ, शिवाय बाकीच्या पेटवायला रोजची एक शमाश, मिळून ४४. हनुक्काला जुनं मराठी नाव नाही, तो आमच्याकडे मागाहून आला. पण चमत्कार तेलाचा (मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याचा) आणि पूर्वज तेलाचे घाणे चालवणारे, ही सांगड एका दहा वर्षांच्या मुलानंच घातली होती.

नव्याच्या सणाला कॅलेंडर मध्ये ठेवा. एक हिब्रू, एक मराठी. दोन्ही चंद्रावर चालतात, दोन्हीत अधूनमधून जादा महिना येतो, हिब्रूत १९ वर्षांत ७ वेळा. म्हणून हिब्रू तिश्री महिन्याची प्रतिपदा, म्हणजे नव्याचा सण, आणि घटस्थापना पुष्कळदा एकाच दिवशी किंवा दिवसाच्या फरकानं येतात. २०२२ मध्ये दोन्ही २६ सप्टेंबरला होते, २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये मात्र महिन्याचं अंतर पडलं: १६ सप्टेंबर आणि १५ ऑक्टोबर. का पडलं, ते शोधायला लावा. मोठ्या मुलांना अधिक श्रावण सापडतो. पुरीम आणि होळीचंही तसंच, २०२५ मध्ये पुरीमची एस्तेरची मेगिल्ला (गुंडाळी) वाचली आणि होळी पेटली ती एकाच रात्री, १३ मार्चला.

खाण्याचं मांडताना मांस आणि दूध एकत्र नको, हे पक्कं. सोपा मार्ग म्हणजे दोन्ही टाळायचं. नारळाच्या दुधावर आमचं अर्धं स्वयंपाकघर उभं आहे, नव्याच्या सणाचा हलवासुद्धा त्याच कारणानं नारळाच्या दुधात होतो. खजूर, सफरचंद आणि मध, पोह्यांचा चिवडा, मनुकांचं सरबत. सरबतासाठी पाव किलो काळ्या मनुका रात्रभर दीड लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून मलमलच्या कापडातून गाळा. पंधरा मुलांना छोटा छोटा पेला होतो.

मलिद्याबद्दल सावकाश बोलायला हवं. मलिदा म्हणजे नुसता खाऊ नाही, तो एलियाहू हनाबीच्या नावानं केलेला विधी आहे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर करतात. तु बिश्वातला, म्हणजे हिब्रू शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, आम्ही एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतो. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दगडावर उमटल्या असं मानतात, तिथे लोक आजही जातात. मेळ्यात मलिदा करायचा तर हजानना (मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा घरातल्या जाणत्या पुरुषाला बोलवा आणि प्रार्थनेसह करा. नुसता "पदार्थ दाखवायला" करू नका. पंधरा-वीस जणांना अर्धा किलो पोहे, दोन नारळांचा चव, पाव किलो साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बदाम-बेदाणे. पोहे धुऊन निथळून घ्यायचे, गाळ होऊ द्यायचा नाही. ताटात भोवती फळं. नारळ खवणं आणि फळं लावणं मुलांना द्या. केळं खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद झाडाच्या फळांचा का नाही, जमिनीच्या फळांचा का, हा प्रश्न त्यांना टाका. केळीचं खोड लाकडी नसतं, ती घड देऊन मरते, हे कोकणातल्या मुलाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशीचा क्रम

दोन तासांपेक्षा जास्त नको. आम्ही सुरुवात हातबोशीनं करतो: समोरच्याच्या बोटांना बोटं लावायची आणि मग आपली बोटं ओठांना. मशिदीत प्रार्थना संपल्यावर ज्येष्ठ असंच करतात. ओळीनं सगळ्यांशी झालं की नवं आलेलं मूलही नवं राहत नाही. मग पुस्तकं, मग खाणं, मग गाणी. खाणं मध्ये ठेवायचं कारण साधं आहे, भुकेली मुलं गात नाहीत.

आजी-आजोबांना मागच्या बाकावर बसवू नका. मी पहिल्या वर्षी ती चूक केली. आता खुर्च्या गोलात असतात, मूल-आजी-मूल-आजोबा अशा. कुणी अडलं की शेजारून कुजबुज येते आणि ती कुजबुजच पुष्कळदा सांगण्यासारखी असते.

वर्गातले इतर मित्र यायचे असतील तर स्वागत करा, पण त्यांनाही हात हलवत येऊ देऊ नका. त्यांच्या आजीचं एक गाणं किंवा घरातलं एक पुस्तक त्यांनी आणायचं. बघ्यांसमोर मुलं प्रदर्शन मांडतात, पाहुण्यांशी बोलतात.

पलीकडच्या भावंडांशी

पडद्यावर वीस चौकोन आणि सगळे एकदम बोलतात, हा प्रकार टाळा. आधी जोड्या लावा, शक्यतो एकाच आडनावाच्या किंवा एकाच गावच्या. इथल्या मुलानं मराठीत एक शब्द शिकवायचा, तिथल्यानं हिब्रूत. तिथली मुलं आजीकडून मराठी समजतात पण बोलायला लाजतात, त्यांना उत्तर हिब्रूत देऊ द्या, मध्ये एक दुभाषी मावशी असली की पुरे. एकत्र गाणं मात्र ऑनलाइन जमत नाही, आवाज मागेपुढे होतो. एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसरीनं थांबून पुढची.

मुलांचे फोटो, आवाज, नावं, पत्ते कुठेही उघडपणे टाकू नका. आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या आणि सगळं फक्त कुटुंबांच्या गटात ठेवा.

वह्या जमा करून घेऊ नका, त्या मुलांच्या आहेत. पानांचे फोटो घ्या आणि एका फाइलमध्ये सणाप्रमाणे लावा, वर गावाचं नाव लिहा. आमच्या फाइलमध्ये बिरड्याच्या सणाची सात पानं झाली आहेत. पेण, रोहा, रेवदंडा, अलिबाग, आणि तीन घरांना गाव आठवत नाही. सातही घरांच्या फोडणी वेगवेगळ्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात दिमोनाच्या पडद्यावर एक ऐंशीच्या आसपासच्या आजी नातवामागे येऊन उभ्या राहिल्या. नातू हिब्रू पुस्तक दाखवत होता. त्यांनी मध्येच विचारलं, "नवगावची ओवी कुणी केली?" इथल्या मुलीनं हात वर केला. आजींनी तिला पहिली ओळ म्हणायला लावली, मग स्वतः दुसरी म्हटली, त्यांच्या आईच्या जात्यावरच्या चालीत. आम्हाला कुणालाच ती चाल येत नव्हती. मुलीनं वही उघडली आणि म्हणाली, "आजी, परत एकदा म्हणा, हळू."